बापाचं नाव वेगळं

गेल्या बुधवारी दिवेलागणीला वाडीतली एक मावशी आमच्याकडे आली, हातात दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत जजमेंटची कॉपी, चारदा घडी घातलेली. मुलाला चोरीत तीन वर्षं लागलीत. तिला वाचता येतं पण कोर्टाची भाषा समजत नाही, मलाही चार वर्षांपूर्वी समजत नव्हती. तिने बोट ठेवून एक ओळ दाखवली, "आरोपीस यापूर्वी शिक्षा झालेली असल्याने", आणि विचारलं, "ह्याच्यार काय करूक येता काय गे?"

येतं. मी तिला तेच सांगितलं आणि रात्री बसून हे लिहायला घेतलं. एरवी इथे मी आगळ, सोलं, कुळथाचं पीठ यांच्याबद्दल लिहिते, पण आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय आणि तेव्हा मला असं कोणीतरी लिहिलेलं वाचायला मिळालं असतं तर निदान सहा महिने तरी वाचले असते असं मला मनापासून वाटतं.

आमचा दादा, म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, काकीचा एकुलता एक मुलगा. बोटीवर खलाशी होता. 2012 मध्ये बावीस वर्षांचा असताना त्याने आणि आणखी दोघांनी एका बोटीवरचं डिझेल काढून विकलं, पकडले गेले. कोणीतरी सांगितलं, कबूल करून टाक, लगेच मोकळा होशील. केलं कबूल. दोन महिने आत राहिला, आला, आणि आम्ही सगळ्यांनी तो विषय गाडून टाकला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मग 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. ज्या बोटीवर तो जायचा ती बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती तरी फुटली, पुढे पावसाळी बंदीचे दोन महिने, मालकाकडे नवीन बोटीला पैसे नाहीत, आणि ऑगस्टमध्ये एका रात्री दादाने खालच्या वाडीतल्या एकाच्या मांगराचं, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीचं, कुलूप तोडून इंजिनाचे पार्ट, तांब्याची वायर आणि जाळ्याचं शिसं चोरलं. ज्याचं चोरलं तोही मच्छीमारच, त्याचंही वादळात नुकसान झालेलंच. मी दादाची बाजू लपवून मांडत नाहीये. त्याने केलं, माल त्याच्याकडेच सापडला, आणि त्या माणसाच्या बायकोला मी आजही बाजारात भेटते तेव्हा माझी मान खाली जाते.

पण शिक्षा किती, हा वेगळा प्रश्न आहे, आणि हे वेगळं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आमच्याकडे अपील म्हणजे "मी केलंच नाही" असं म्हणणं, एवढंच लोकांना वाटतं. नुसत्या शिक्षेवर अपील होतं. दोषी आहे हे मान्य, पण एवढी शिक्षा का, असं विचारता येतं. गुन्हा कबूल केला असेल तरीही शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का एवढ्या मुद्द्यावर अपील करता येतं.

दादाला तालुक्याच्या कोर्टात दोन कलमांखाली शिक्षा झाली, भादंविचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं, 457 म्हणजे रात्रीची घरफोडी आणि 380 म्हणजे घरातली किंवा माल ठेवायच्या जागेतली चोरी. प्रत्येकी तीन वर्षं, आणि एकापाठोपाठ भोगायची, म्हणजे सहा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला एका गुन्ह्यात तीन वर्षांच्या वर जाता येत नाही, म्हणजे दादाला दोन्हीकडे पुरतं शेवटचं टोक दिलं होतं. कारण लिहिलं होतं, आरोपी सराईत आहे, कलम 75 लागू.

हे 75 म्हणजे काय ते सांगते. नाण्यांच्या-स्टँपच्या किंवा मालमत्तेच्या गुन्ह्यात, ज्याला तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करून दोषी ठरला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 1 जुलै 2024 पासून नवीन न्याय संहिता आली त्यात हेच कलम 13 झालंय. शिवाय नवीन कायद्यात साध्या चोरीलाही एक नवीन गोष्ट घातलीय, ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावी: कलम 303 खाली दुसऱ्यांदा दोषी ठरलं की कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी आणि पाच वर्षांपर्यंत. पहिल्यांदाच असेल, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि परत केला असेल तर समाजसेवा करायला लावतात, छान आहे ते, पण ती शिक्षाच आहे, दोषी हा शब्द कागदावर बसतोच. म्हणून "कबूल कर आणि मोकळा हो" असं कोणी सांगायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तर पहिलं अपील जिल्हा कोर्टात केलं. ते करायलाही काकी तयार नव्हती. "नको गे बाय, अपील केलव तर शिक्षा वाढवतले, माझो झील थयच मरात." ही भीती मी किती जणांच्या तोंडून ऐकलीय. आरोपीने केलेल्या अपिलात अपील कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवायची तर सरकारने शिक्षा कमी पडली म्हणून आपलं वेगळं अपील करावं लागतं, आणि तसं केलं तर तेव्हा आरोपीला आपण निर्दोष आहोत इथपर्यंत सगळं मांडायची मुभा मिळते. हे मला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकील मॅडमनी सांगितलं. जो माणूस कस्टडीत आहे त्याला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला वगैरे काही नाही, 1987 चा कायदाच आहे तसा. आम्ही तोपर्यंत काकीच्या पाटल्या विकायच्या गोष्टी करत होतो.

पहिल्या अपिलात दोष कायम राहिला पण शिक्षा रद्द झाली, कारण दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं ते ऐकलंच नव्हतं, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत, ते कुठेच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये संता सिंगच्या केसमध्ये फाशीची शिक्षासुद्धा याच कारणावरून बाजूला ठेवून प्रकरण शिक्षेपुरतं खाली पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी आपल्या मानवत खून खटल्यात कोर्टाने असंही म्हटलं की दरवेळी खालीच पाठवायला पाहिजे असं नाही, वरचं कोर्टही ते ऐकून घेऊ शकतं. आमचं खाली पाठवलं. आम्हाला वाटलं जिंकलो. काकीने देवाला नारळ दिला.

दुसऱ्यांदा शिक्षा ठरवायची तारीख मी स्वतः कोर्टात बसून बघितली. दादाला उभं केलं, विचारलं शिक्षेबद्दल काय सांगायचंय, तो म्हणाला मुलगी लहान आहे साहेब, दया करा. मग विचारलं, यापूर्वी शिक्षा झालीय का? तो म्हणाला, होय साहेब. त्याच्या डोक्यात 2012 होतं, त्याने खरं सांगितलं. समोर पोलिसांनी दिलेला एक कागद होता त्यावर चार ओळी होत्या, तो कागद त्याला कोणी वाचून दाखवला नाही, आणि त्याच्या एका "होय" ने चारही ओळी त्याच्या नावावर पक्क्या झाल्या. निकाल परत तोच. तीन अधिक तीन, एकापाठोपाठ, सराईत.

त्या दिवशी घरी येताना एसटीत काकी एक शब्द बोलली नाही, आणि माझं मत तेव्हा झालं होतं की आता संपलं. दोनदा एकच उत्तर आलं की माणसाला वाटतं तेच खरं असणार.

मॅडम मात्र म्हणाल्या, परत अपील. नवीन शिक्षेचा हुकूम म्हणजे नवीन हुकूम, त्यावर नव्याने अपील करता येतं. खालच्या कोर्टाच्या शिक्षेवर सेशन कोर्टात, म्हणजे जिल्हा कोर्टात, तीस दिवसांत, हायकोर्टात जायचं असतं तर साठ दिवस. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल मिळेपर्यंतचे दिवस त्यात मोजत नाहीत. जेलमधूनही अपील देता येतं, जेलचा अधिकारी ते कोर्टाकडे पाठवतो. आणि तुरुंगवासाची शिक्षा झाली की निकालाची एक कॉपी आरोपीला लगेच फुकट द्यावी लागते, ती मागून घ्यायची.

मग त्यांनी मला तो चार ओळींचा कागद दाखवला. पहिली ओळ 2012 ची, ती दादाचीच. दुसरी एका मारामारीची, ती केस आपसात मिटलेली. तिसरी एक जुगाराची, त्यात तो निर्दोष सुटलेला. चौथी ओळ 2008 ची, शेजारच्या तालुक्यातली, घरफोडी, एक वर्ष शिक्षा. मॅडमनी विचारलं ही कुठली? मी म्हटलं मला माहीत नाही. कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये दादाला भेटायला, मुलाखतीला गेले तेव्हा जाळीपलीकडून दादाला विचारलं, तो म्हणाला 2008 ला मी बारावीत होतो गे, कसली घरफोडी.

किनाऱ्यावरच्या गावातून ज्यांनी मतदार यादी बघितलीय त्यांना लगेच समजेल. अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आणि नावं ठरलेली, ग्रामदेवतेची नाहीतर आजोबांची. आमच्याच वाडीत दादाच्या नावाचे तिघं आहेत. पोलिसांच्या कागदावर पूर्ण नाव नव्हतं, नाव, मधे एक अक्षर आणि आडनाव.

मॅडमनी त्या दुसऱ्या कोर्टातून 2008 च्या निकालाची सर्टिफाइड कॉपी मागवायचा अर्ज केला. जून महिना, पाऊस धो धो, जुनं रेकॉर्ड शोधायला वेळ लागणार असं सांगितलेलं, मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला मिळाली. स्टँडवर शेडमध्ये उभी राहून उघडली. झेरॉक्सवर मूळ कागदाच्या ओलीचा डाग पण उतरलेला, कडेला जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल, आणि वरतीच आरोपीचं पूर्ण नाव. नाव तेच. आडनाव तेच. बापाचं नाव दुसरं, फक्त पहिलं अक्षर आमच्या काकांच्या नावाचं. वय 41. दादा तेव्हा अठराचा होता. मी तो कागद छत्रीखाली धरून तीनदा वाचला आणि मग तिथेच बाकावर बसून रडले, माझी एसटी समोरून निघून गेली.

पुढच्या मुलाखतीत जाळीला लावून दाखवला. दादाने वाचलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हो मी न्हय. माझ्या बापाशीचा नाव ह्या नाय." तेवढंच दोनदा म्हणाला. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता अपिलात मुद्दे काय घेतले ते नीट सांगते, कारण मावशीच्या केसमध्येही मी हेच बघणार आहे. आधीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षा मागायची असेल तर ती आधीची शिक्षा, तिची तारीख आणि ठिकाण हे चार्जमध्ये, म्हणजे कोर्ट आरोपीवर जो आरोप ठेवतं त्या कागदात, लिहावं लागतं, जुन्या फौजदारी संहितेत कलम 211 आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत 234. सुरुवातीला राहिलं असेल तर शिक्षा सुनावण्याआधी कधीही जोडता येतं, पण जोडावं लागतं. आमच्या चार्जमध्ये 75 चं नाव नव्हतं, दुसऱ्या वेळीही जोडलं नाही. नंतर, आधीची शिक्षा सिद्ध करायची रीत कायद्यात दिलेली आहे, जुनं 298, नवीन 334: त्या कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या सहीचा उतारा, नाहीतर जेलच्या अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट किंवा ज्या वॉरंटवर आत पाठवलं ते वॉरंट, आणि त्याच्यासोबत हा तोच माणूस आहे याचा पुरावा. कागद आणि ओळख, दोन्ही पाहिजे. पोलीस स्टेशनची यादी म्हणजे हे नव्हे. गुन्हा नोंद होणं, केस चालू असणं, त्यात सुटणं, यातलं काहीच "आधीची शिक्षा" नाही. आणि शेवटचं म्हणजे एकाच रात्रीच्या एकाच प्रकाराची दोन कलमं होती, त्याच्या शिक्षा एकापाठोपाठ कशासाठी. जुन्या कायद्यात कोर्टाने "एकत्र भोगावी" असं लिहिलं नाही तर त्या आपोआप एकापाठोपाठ धरल्या जायच्या. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 25, गुन्ह्याचं गांभीर्य बघून कोर्टाने काय ते स्पष्ट सांगायचं आहे.

त्या महिन्यांत मी रात्री मोबाईलवर जे मिळेल ते वाचायचे, आगळाच्या बरण्या भरून झाल्या की. कॅलिफोर्नियातला 1994 चा कायदा वाचला, तिसऱ्यांदा गुन्हा केला की पंचवीस वर्षं ते जन्मठेप, आणि आधीचे दोन गंभीर किंवा हिंसक असले की तिसरा फेलनी वर्गातला कुठलाही गुन्हा चालायचा. एका माणसाने गोल्फच्या तीन काठ्या चोरल्या, प्रत्येकी 399 डॉलरच्या, आधीच्या शिक्षा होत्या म्हणून त्याला तेवढ्यावर पंचवीस वर्षं ते जन्मठेप. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये पाच विरुद्ध चार अशी ती शिक्षा कायम ठेवली. मग 2012 मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून कायदा बदलला, तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसक असला तरच, आणि जे आधीपासून आत होते त्यांना परत शिक्षा ठरवून घ्यायला अर्ज करायची वाट दिली. हा माणूस बाहेर आला तर लोकांना धोका आहे असं जजला वाटलं तर तो अर्ज फेटाळू शकतो, पण अर्ज फेटाळला तरी त्यावर अपील होतं, हे 2014 मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं. मला ते वाचून धीर आला, खरंच आला. एवढ्या लांब कोणाच्या तरी काकी, बहिणी असेच कागद घेऊन फिरत असतील असं वाटलं.

आपल्याकडेही कडक नियम मोडून पडलेत. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असं कलम 303 जुन्या भादंविमध्ये होतं. 1983 मध्ये मिठूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण गुन्हा कसा झाला, का झाला, हे जजला बघूच देत नव्हतं.

आणि सराईत हा शब्द. तो मला फार लागला. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, आपल्याकडचे पारधी त्यात भरडले, तो कायदा गेल्यावर 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती मुक्त झाल्या आणि मग सराईत गुन्हेगारांचे वेगळे कायदे आले. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने जेलमधल्या जातीभेदावर निकाल दिला त्यातही विमुक्तांना सराईत म्हणून वागवण्यावर कडक लिहिलंय. एखाद्या माणसाने दोनदा चोरी केली तर म्हणा दोनदा चोरी केली. सराईत म्हटलं की तो पुढेही करणारच असं आधीच ठरवून टाकलेलं असतं, आणि त्याची मुलगी शाळेत जाते तिच्या मागेही तो शब्द जातो.

दुसऱ्या अपिलाचा निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. 2008 ची ओळ काढून टाकली. 75 लागू नाही, कारण चार्जमध्ये नाही. 2012 ची शिक्षा एकंदर शिक्षा ठरवताना लक्षात घेता येईल असंही लिहिलं आणि ते मला पटलं, कारण ते त्याने केलेलंच होतं. दोन्ही कलमांना दोन-दोन वर्षं, एकत्र भोगायची, आणि आधी कस्टडीत काढलेले दिवस त्यातून वजा. तो ऑगस्ट 2021 पासून आत होता, म्हणजे शिक्षा कधीच भोगून झाली होती, चार महिने वरच झाले होते. ते चार महिने कोणी परत देत नाही.

तिसऱ्या दिवशी करूळ घाट उतरून घरी आला. काकीने पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा दिला, तो जेवला आणि अंगणात जाऊन झोपला, थंडीत, घरात झोपायला तयार होईना. आता बोटीवर जातो, दुसऱ्या मालकाच्या. मांगरवाल्याचे पैसे हप्त्याहप्त्याने देतोय, अजून थोडे राहिलेत.

जिल्हा कोर्टातही नाही म्हटलं असतं तर हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे खालचा निकाल तपासून घ्यायचा अर्ज, करायची होती, नव्वद दिवसांत, आणि त्यासाठी तेव्हा मुंबई गाठावी लागली असती. आता 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी त्यात आहेत. आमच्यासारख्यांना रात्रभराचा प्रवास आणि मुंबईत कोणाच्या तरी खोलीवर उतरणं एवढं तरी सुटलं.

मावशीच्या मुलाच्या निकालाला बुधवारी सतरा दिवस झाले होते. तेरा हातात. तिच्या कॉपीत नवीन न्याय संहितेतलं चोरीचं 303 आहे, आधीची केस 500 रुपये दंडाची, ती त्याने खरंच कबूल केली होती असं ती म्हणते, पण कुठल्या कोर्टात, कुठल्या साली, हे निकालात कुठेच नाही. चार्जची कॉपी तिच्याकडे नाही. दादा बोटीवरून आला होता, ओल्या हाताने कागद नको म्हणून मी धरला आणि त्याने वाकून आरोपीचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, मग मावशीला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं, "घोवाचा नाव ह्याच मां तुझ्या?" ती लाजली, होय म्हणाली.

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी जाणार आहोत. विधी सेवेचा अर्ज आणि चार्जच्या नकलेचा अर्ज मी लिहून ठेवलाय, तिची सही तेवढी घ्यायची आहे.